माझ्या नंबरावर नांदलेल्या एकसष्ट बायका

एकसष्ट बायका माझ्या मोबाइल नंबरावर नांदत होत्या, आणि माझ्या लग्नाच्या बायकोला ते ठाऊक होतं. त्यांतल्या नऊजणी गरोदर. बाकीच्यांत कुणाला साखर, कुणाला बीपी, एकीला कुत्रं चावलेलं. सकाळी म्हैसूरच्या सबर्बन स्टँडवर मी बसची वाट बघत उभा असलो की खिशात मोबाइल थरथरायचा आणि सरकार मला मोठ्या अदबीनं कळवायचं की तुम्हाला पाचवा महिना लागला आहे, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मला मिशा आहेत.

हे कसं झालं ते सांगतो. वाढवून सांगेन, पण खोटं सांगणार नाही. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, म्हैसुरात पाच-सहा पिढ्या मुरलेलं. पणजोबांनी रंगवलेलं लाल लुगडं धुतलं की म्हणे कावेरी पार श्रीरंगपट्टणापर्यंत तांबडी व्हायची, आणि तरी लुगड्याचा रंग तसूभर उतरायचा नाही. हे दोन्ही एकदम कसं होईल, असं लहानपणी विचारलं तर पाठीत धपाटा मिळे. सत्याला रंग चढवायचा पण मूळ सूत सोडायचं नाही, ही शिस्त मला त्या धपाट्यांनी लावली.

रंगाचा धंदा वडिलांच्या काळातच आटपला. मी सरकारी नोकरीत शिरलो. आता एका आरोग्य केंद्रात नोंदणीच्या खिडकीमागं बसतो. केंद्र कुठं, तर म्हैसूरहून कोटे या तालुक्याच्या गावाला जायचं आणि सरगूरच्या वाटेनं पुढं सरकायचं. गावाचं नाव सांगणार नाही, निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

पूर्वी माझ्यापाशी रजिस्टरं होती. एकेक रजिस्टर इतकं जाड की उशाला घेतलं तर मान मोडावी. त्यांत भोवतालच्या खेड्यांतलं प्रत्येक माणूस होतं, आणि मी त्यांना रंगावर ओळखायचो. साखरवाले हिरव्या शाईत, छातीवाले तांबड्या, आकडीवाले जांभळ्या. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, आणि प्रत्येक नवा डॉक्टर पहिला महिनाभर मलाच विचारून औषध लिहायचा. हे मी वाढवून सांगतोय असं वाटेल. महिना नाही, पंधरा दिवस.

मग कॉम्प्युटर आला. दसऱ्याच्या तोंडावर आला, त्यामुळं आठवड्यातच त्याची आयुधपूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी सायकलीपासून रोडरोलरपर्यंत प्रत्येक यंत्राला कुंकू लागतं, मग आरोग्य खात्याच्या यंत्रानं काय पाप केलं होतं? पूजा आमच्या फार्मासिस्टनं केली. माणूस नियमाचा आणि भक्तीचा, दोन्हींत जरा अतीच. अंगठ्याचा ठसा घ्यायची जी चिमुकली काच सोबत आली होती, तिच्यावर त्यानं ओल्या गंधाचा असा जाड टिळा लावला आणि वर कुंकू दाबलं की त्या दिवसापासून त्या काचेला जगात कुणाचाच अंगठा दिसेना. तक्रार करावी तर कारण काय लिहायचं? आम्ही काच कपाटात ठेवली आणि गप्प बसलो.

प्रशिक्षणही झालं. म्हैसुरात, दोन दिवस, पंख्याखाली. पहिल्या दिवशी मी इतके प्रश्न विचारले की शिकवणारा पाणी प्यायला बाहेर गेला तो अर्ध्या तासानं आला. दुसऱ्या दिवशी जेवणात तुपाच्या धारेसकट होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या होत्या. होळिग्यांनंतरचं प्रशिक्षण देवांनासुद्धा जागेपणी जमणार नाही. मी मागच्या रांगेत डोळे मिटून सगळं आत्मसात केलं आणि प्रमाणपत्र घेऊन परत आलो.

आता नंबराचं. नोंदणीच्या पानावर मोबाइलचा एक चौकोन होता. त्यात दहा आकडे भरल्याशिवाय पान पुढं हलायचं नाही. समोर रांगेत उभी असलेली बाई म्हणणार, "मोबाइल? माझ्याकडं कोंबडी आहे, सार." मुलाचा नंबर आहे का, तर मुलगा केरळात, नंबर दर अमावास्येला बदलतो. मागं माणसं खोळंबलेली. दहा वेळा नऊ दाबून पाहिले. यंत्र म्हणे खोटा नंबर आहे. मग मी काय करावं? माणसाला पाणी विचारावं तसा मी माझा नंबर दिला. एकीला दिला, दुसरीला दिला, आणि बातमी खेड्यापाड्यांत पसरली की त्या मिशीवाल्या सारकडे गेलं की काम लगेच होतं.

जन्मतारखेचीही तीच कथा. तारीख विचारली की उत्तर यायचं, "मोठा पूर आला ना, त्याच्या आदल्या शेंगदाण्याच्या वेळी." त्याचा महिना कुठला काढणार? मी सगळ्यांना एक जानेवारीला जन्माला घातलं. सालं तीन ठरवून ठेवली होती: पोरसवदा असेल तर एक, मधली असेल तर दुसरं, म्हातारी असेल तर तिसरं. काम असं पळायचं की तालुक्यात माझ्या बोटांची उदाहरणं देत.

घरी मात्र या बायकांमुळं माझी अब्रू गेली. एकदा मी आंघोळीला गेलो होतो, मोबाइल बायकोच्या हाती.

"अय्यो, अभिनंदन हो!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "मला आधी सांगायचं की नाही?"

"अगं, पेशंटचा मेसेज असेल तो."

"असू दे की. पाचवा लागलाय म्हणे. आता तो गॅसचा सिलिंडर तुम्ही उचलू नका, मीच सरकवते, अल्लवा?" आमच्या घरात 'नाही का' हे विचारायला मराठी पुरत नाही, अल्लवाच लागतं. "आणि डोहाळे काय लागलेत ते सांगा, करून घालते."

मी टॉवेलातूनच बिसीबेळेभात सांगितला, आणि दुपारच्या डब्यात तो आलाही.

खरं पाप त्यानंतर घडलं, आणि त्याचं मला बक्षीस मिळालं. जिल्ह्याहून हुकूम आला की एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्यात, त्या शोधून एक करा. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल आकडा दिसू लागला. आमच्या घराण्याला लाल कळतो, आणि हा लाल अगदीच कच्चा होता, डोळ्यात कुसळासारखा. त्यावर दाबलं की यंत्र दोन नोंदी शेजारी-शेजारी मांडून विचारायचं: या दोन्ही एकच व्यक्ती वाटतात, एकत्र करायच्या? नाव बघावं तर तेच, कारण आमच्या पट्ट्यात गावदेवीचं नाव दर तिसऱ्या मुलीला ठेवतात आणि आडनाव लावायची पद्धत नाही. गाव तेच. जन्म एक जानेवारीचा, साल तेच, मोबाइल तोच. मी 'होय' दाबत गेलो. चहा यायच्या आत लालाचा हिरवा शून्य झाला आणि देवीच्या नावाच्या अकरा बायका एकाच बाईत राहायला गेल्या. तालुक्यात आमचं केंद्र पहिलं आलं. ग्रुपवर मला इतके अंगठे आले की ते आमच्या त्या काचेला दिसले असते तर तिला दृष्टी आली असती.

पुढचा सोमवार. साडेनऊ वाजलेले, रांग फाटकापर्यंत. खिडकीशी शाळेतली स्वयंपाकीण आली. पोरांचं दुपारचं गरम जेवण, आमच्याकडे त्याला बिसी ऊटा म्हणतात, ते ती शिजवते. तिचं सांबाराचं पातेलं एवढं की कबिनीकाठच्या रानातला हत्ती वाट चुकून आला तर त्यात आंघोळ करून जाईल. बाई चाळिशीच्या अलीकडची, माझ्या सालांपैकी 'मधली'. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली.

तिला आकडी येई. गोळी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर तिला चुलीजवळ उभी केली नसती. आणि गोळी चुकली तर तिनं स्वतःच चुलीजवळ उभं राहू नये. तिची पोळीभाकरी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत होती. तिनं खिडकीच्या गजांना तोंड लावलं.

"सार, शनिवारी आले तर तुम्ही म्हणालात सर्व्हर नाही, सोमवारी ये. शेवटची गोळी काल रात्री घेतली. आज सकाळची नाही झाली. अकराला चूल पेटते."

"एवढंच ना? साडेदहाला तू शाळेत कांदा चिरत असशील," मी म्हणालो आणि चिठ्ठी छापून दिली. महिन्याच्या गोळ्यांना डॉक्टर लागत नाही, थेट औषधाच्या खिडकीवर जायचं. केंद्राच्या गावात दुसरीकडं कुठं ती गोळी मिळत नाही. किराणावाल्याकडं डोकेदुखीची एक आणि खोकल्याची एक, इतकाच वैद्यकाचा विस्तार.

फार्मासिस्टनं चिठ्ठीवरचा नंबर टिपला, पडदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. त्याचा आवाज देवळाच्या घंटेत ओतलेला आहे. तो म्हणाला, "अम्मा, ही गोळी तुला देता येणार नाही. पाचवा महिना चालू आहे तुला. पोटातल्या बाळाला वाईट. कॉम्प्युटरनं कुलूप घातलंय."

रांगेतला खोकला थांबला. क्षयाच्या पेशंटचासुद्धा.

"कुणाला पाचवा महिना?" बाईनं विचारलं.

"तुला."

"माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला."

"ते इथं लिहिलेलं नाही," फार्मासिस्ट म्हणाला.

रांगेत पान चघळणारी एक म्हातारी होती. दर सोमवारी गुडघ्यासाठी यायची, आणि गुडघा सोडून तिचं सगळं धडधाकट होतं, जीभ तर पैलवानासारखी. ती म्हणाली, "अय्यो ग! दोनशे पोरांचं सांबार ढवळून वेळ तरी कधी मिळाला तुला?"

हशा पिकला. बाईचं तोंड लाल झालं, आणि हा लाल पक्का होता. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहाला पाच कमी.

गलका ऐकून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, नव्याच आलेल्या. पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याचा बीपी न मापता कळतो. त्यांनी पडदा पाहिला. "एवढं काय त्यात? लघवीची चाचणी करू. पाच मिनिटांत समजेल."

"चाचणी माझी कशाला?" बाई म्हणाली. हळू बोलत होती, पण गज धरलेली बोटं पांढरी पडली होती. "मी आत जाऊन बाटली देऊन आले की गाव काय म्हणेल, मॅडम? काहीतरी होतं म्हणूनच दिली, म्हणेल. खोटं त्या डब्यानं सांगितलं. चाचणी डब्याची करा."

मला सगळं उमगलं होतं. पडद्याच्या आड मान घालून मी एक जुना कागद फार बारकाईनं वाचत होतो. पूर्वी सरकारी नोकरीत पापं उंदरांवर ढकलायची सोय होती. आता सर्व्हर आहे, आणि त्याला शेपूटसुद्धा नाही, कुणी धरायला जात नाही. मी घसा खाकरला.

"मॅडम, सर्व्हरचा काहीतरी..."

"सर्व्हरचा घोळ असेल तर तक्रार टाका," मॅडम म्हणाल्या. "चार-आठ दिवसांत बघतात ते."

चार-आठ दिवस. बाईनं पुन्हा घड्याळाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तिला काही ठाऊक नव्हतं. साडेदहाचं वचन मी दिलं होतं म्हणून तिनं पाहिलं, बाकी काही नाही. पण त्या नजरेनं मी उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न सजवता बोलायचं ठरवलं. मला त्याची सवय नव्हती, म्हणून ते असं बाहेर पडलं:

"मॅडम, तो पाचवा महिना माझा आहे."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. रांग अशी हसली की छपरावरची कबुतरं उडून थेट म्हैसूरपलीकडच्या येलवालला जाऊन बसली असतील. म्हातारीला ठसका लागला, पान बाहेर पडलं. फार्मासिस्टनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आणि मला विचारलंसुद्धा नाही!" स्वयंपाकीण म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग लगेच, "सार, माझ्या पोटातलं तुमच्याकडं कसं गेलं, ते नीट सांगा."

मी सांगितलं. कोंबडी, केरळ, दहा आकडे, एक जानेवारी, हिरवा शून्य. मॅडम खुर्ची ओढून माझ्या पडद्यापुढं बसल्या आणि त्या एका बाईची नोंद खाली-खाली सरकवत गेल्या. तिला साखर होती, दमा होता, कुत्रं चावलं होतं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि पोटात बाळ होतं. वजन एका महिन्यात एकोणीस किलो वाढून बावीस किलो उतरलं होतं.

"ही बाई जिवंत आहे हेच नवल," मॅडम म्हणाल्या. मग हसू पुसून माझ्याकडं वळल्या. "उलट झालं असतं तर? आज त्या गरोदर मुलीला कुणी ही गोळी काढून दिली असती तर? तिला काय, तुम्हाला काय, कुणाला कळलं असतं?"

मी पडद्याच्या कोपऱ्यातला तो हिरवा शून्य तळहातानं झाकला.

"मॅडम, दहा झाले," बाई म्हणाली. "गोळी."

"देते. पण कुठली? या ढिगात तुझी मात्रा कुठं गेली ते दिसत नाही. पाचशेची की दोनशेची?"

"पांढरी."

"दोन्ही पांढऱ्या," फार्मासिस्टनं आतून सांगितलं.

"अंदाजानं ही गोळी मी देत नाही. तुझं जुनं कार्ड?"

"सारनी घेतलं." तिनं बोट माझ्याकडं केलं. "म्हणाले, आता सगळं आत आहे, कार्डाचं तू काय करणार."

कार्डं मी गोळा करून रजिस्टरांबरोबर पोत्यांत भरून जिल्ह्याला पाठवली होती. जांभळी शाई आत्ता कुठल्या तरी गोदामात पोत्याच्या तळाशी होती.

उपाय एकच होता, आणि तो पडद्यावरच लिहिला होता: एकत्र केलेली नोंद पुन्हा वेगळी करता येते, फक्त पेशंटनं स्वतः मान्यता द्यायची, अंगठ्यानं नाहीतर मोबाइलवर येणाऱ्या आकड्यानं. फार्मासिस्ट कुणी न सांगता कपाटाकडं गेला आणि ती काच घेऊन आला. धोतराच्या सोग्यानं त्यानं ती खसाखसा पुसली. धोतर लाल झालं, काच आंधळीच राहिली. आणि ती बघती असती तरी काय? बाईनं अंगठा पुढं केला तेव्हा मी पाहिलं, गरम पातेली धरून-धरून तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. रेघ नावाला नाही.

राहिला मोबाइल. पेशंटचा मोबाइल म्हणजे माझा. आमच्याकडे इंटरनेट तारेनं येतं, पण मोबाइलला त्या दगडी भिंतींत सिग्नल नाही. तो परसातल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सहाव्या पायरीला मिळतो, तोही पश्चिमेकडं तोंड केलं तर. मॅडमनी बटण दाबलं. आकडा दहा मिनिटं जगतो. मी पळालो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, बिसीबेळेभातावर पोसलेल्या पोटानं, मी परसातून असा गेलो की कोंबड्यांना माझा वारा तेवढा लागला. सहाव्या पायरीवर मोबाइल थरथरला. पहिला मेसेज: तुमच्या सातव्या महिन्याची तपासणी. दुसरा: तुमच्या बाळाचं लसीकरण. तिसरा: कुत्रं चावल्याची चौथी सुई. माझ्या राहिलेल्या सगळ्या संसाराची सरकारनं एकेक करून चौकशी केली आणि मग, अगदी शेवटी, तो सहा आकड्यांचा मेसेज आला. खाली ताकीद होती: हा आकडा कुणालाही सांगू नये.

मी तो चाळीस माणसांना ओरडून सांगितला. खाली उतरून पळण्याइतका दम उरला नव्हता. परसाच्या दारात उभ्या असलेल्या क्षयवाल्यानं तो पुढं ओरडला, त्याच्या पुढच्या बाईनं आणखी पुढं, विहिरीवरून घागरी पुढं देतात तसे आकडे हातोहात रांगेतून आत गेले. शेवटचा आकडा म्हातारीनं मॅडमच्या कानात इतक्या जोरानं घातला की मॅडम खुर्चीतून उठल्या.

मी धापा टाकत आत आलो तेव्हा नोंद वेगळी झाली होती. पडद्यावर फक्त ती एकटी होती. तिचं नाव, तिचं वजन, तिची तीन वर्षं आणि तिची गोळी. पाचशेची, सकाळ-संध्याकाळ.

"आता इथं ह्यांच्या नंबराऐवजी काय घालायचं?" मॅडमनी विचारलं आणि पान खाली सरकवलं. मी ते पान आजवर तिथपर्यंत सरकवलं नव्हतं, गरज काय? तळाशी एक बारीक चौकोन होता. त्याच्यापुढं स्वच्छ कन्नडमध्ये लिहिलं होतं: मोबाइल नाही.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असणार, मॅडम. जेवणानंतर."

त्यांनी चौकोनात खूण केली. यंत्रानं तिच्या स्वतःच्या क्रमांकाचं कार्ड छापलं, आणि बाईनं ते माझ्या हाताला लागू न देता मॅडमकडून घेतलं, दोनदा घडी घालून कमरेला खोचलं. फार्मासिस्टनं गोळ्या मोजून दिल्या. तिनं तिथंच खिडकीशी एक गोळी तोंडात टाकली, नळाचं पाणी ओंजळीनं प्यायली आणि डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. सव्वादहा झाले होते. मी दिलेल्या वचनाच्या पंधरा मिनिटं आधी, हे मी तिला सांगणार होतो. तेवढ्यात ती माझ्या खिडकीवर परत आली.

"सार, ते आत जे लिहिलं होतं ते गेलं?"

"गेलं, अम्मा. पूर्ण पुसलं."

"मला वाचता येत नाही. ह्यांनाही येत नाही," तिनं रांगेकडं मान वळवली. "त्यांनी केवढ्या मोठ्यानं सांगितलं, ते सगळ्यांनी ऐकलं. आता तुम्ही तेवढ्याच मोठ्यानं वाचा."

मी फार्मासिस्टकडं पाहिलं. तो गोळ्यांच्या डब्यांची झाकणं घट्ट करत होता. मॅडमनी मान डोलावली.

मी उठून उभा राहिलो. माझा आवाज साधा नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत मी एकदा बँडाला थांबवलं होतं. पडद्यावर आकडीचा शब्द सर्वांत वर होता. बाईनं गजांतून माझ्याकडं रोखून पाहिलं, आणि काय वाचायचं नाही ते मला त्या नजरेत स्पष्ट वाचता आलं.

"ऐका!" मी गर्जलो. "या अम्मांच्या नोंदीत बाळबीळ काही नाही! नव्हतंच कधी! चूक सर्व्हरची नव्हती, डब्याची नव्हती, चूक माझी होती! वजन एकावन्न किलो, बीपी उत्तम, तब्येत ठणठणीत! आणि महिन्याला एक गोळ्यांचं पाकीट, ते त्यांना आजही मिळालं, पुढच्या महिन्यातही मिळणार!"

बाईनं पदर खांद्यावर नीट केला, कमरेचं कार्ड चाचपलं, आणि कुणाकडंही न बघता रांगेच्या अंगावरून ताठ मानेनं फाटकाबाहेर गेली. शाळेच्या दिशेनं तिची पावलं भरभर पडत होती.

मी खुर्चीत बसतोय तोच मागची म्हातारी पुढं सरकली. खिडकीच्या फळीवर तिनं दोन्ही कोपरं टेकवली आणि नवं पान तोंडात घातलं.

"माझाही नंबर तुमचाच आहे, सार," ती म्हणाली. "वाचा बघू मोठ्यानं. मला काय काय झालंय?"